गरम झाली की काटा नाचतो, आयडलिंग खाली येतच नाही (पेट्रोल हॅचबॅक, २०१३)

गोदाकाठ (११ सप्टेंबर, रात्री ९.१५)

नमस्कार मंडळी. गाडी ऑगस्ट २०१३ची, एक लिटर, तीन सिलिंडर, पेट्रोल. एक लाख बारा हजार किलोमीटर झालेत. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जुन्या पद्धतीची, केबलवाली. मी रोज नाशिक-सिन्नर जाऊन येऊन करते, त्यामुळे गाडीशिवाय माझं पान हलत नाही.

सकाळी गार इंजिन सुरू केलं की आरपीएमचा काटा १५००वर जातो आणि तिथे स्थिर राहतो. दोन-तीन किलोमीटरवर टेंपरेचरचा निळा दिवा विझतो आणि तिथून खरा त्रास सुरू होतो. सिग्नलला क्लच दाबला की काटा ११०० ते १७०० असा वर-खाली, वर-खाली. दीडेक सेकंदाला एक हेलकावा. एसी लावला तर हेलकावे थांबतात, पण काटा १४००च्या खाली येत नाही. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी पुढे ढकलली जाते. द्वारका सर्कलच्या गर्दीत मला आता भीती वाटायला लागली आहे.

मागचं सांगते. मार्चमध्ये उलटाच त्रास होता, सिग्नलला गाडी बंद पडायची. एका गॅरेजमध्ये 'आयडलिंग सेट करून दिलं' आणि ते थांबलं. गणपतीच्या आधी हा नवा त्रास सुरू झाला. दुसऱ्या गॅरेजने थ्रॉटल बॉडी साफ केली, आयडलिंगचा व्हॉल्व्ह (आयएसी) नवीन टाकला, प्लग बदलले. काडीचा फरक नाही. आता ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) बदला म्हणतात. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. एवढा खर्च करण्याआधी इथे विचारावंसं वाटलं.

सह्यवाट (११ सप्टेंबर, रात्री १०.०२)

थ्रॉटल साफ केल्यावर आयडल रीलर्न केलं होतं का, म्हणजे ईसीएमला आयडलिंगची नव्याने सवय लावली होती का? कार्बन साचलेल्या थ्रॉटलला ईसीएम सरावलेला असतो. कार्बन निघाला की तेवढीच फट जास्त हवा सोडते आणि आयडलिंग वर राहतं. माझ्या गाडीत असं झालं होतं, दोन दिवसांत आपोआप बसलं.

दुसरी शंका ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलची. आपल्या २०१३च्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत.

फिटरकाका (११ सप्टेंबर, रात्री ११.२०)

ताई, ईसीएमला कुणाला हात लावू देऊ नका. निदान चार आकडे बघेपर्यंत तरी नाही.

आधी आयडलिंग म्हणजे काय ते सांगतो, मग पुढचं सोपं जाईल. पेट्रोल इंजिनाचा वेग हवेवर ठरतो. पाय काढला की थ्रॉटलची पाकळी जवळपास बंद होते, आणि इंजिन जिवंत ठेवण्यापुरती हवा आयएसी व्हॉल्व्ह बाजूच्या छोट्या वाटेने आत सोडतो. ईसीएम ती वाट कमी-जास्त उघडून काटा ८००च्या आसपास धरतो. म्हणजे काटा १४००वर असेल तर कुठून तरी जास्त हवा आत येते आहे. नुसतं पेट्रोल जास्त पडलं तर इंजिन काळा धूर टाकेल, प्लग काळे करेल, पण १४००वर जाणार नाही. तेव्हा आपला प्रश्न एकच, ही हवा येते कुठून?

सह्यवाट यांची रीलर्नची शंका रास्त आहे, पण त्रास साफसफाईच्या आधीपासून आहे, त्यामुळे तिथे अडकू नका. ई-२०चंही तसंच. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, ई-२०ला साधारण साडेतेरा पट. ईसीएम तेवढं पेट्रोल वाढवून घेतो आणि ते फ्युएल ट्रिममध्ये (पेट्रोल किती टक्के वाढवलं-कमी केलं त्या आकड्यात) दिसतं. पण ती वाढ आयडलिंगला आणि २५०० आरपीएमलाही सारखीच दिसायला हवी. काटा नाचवण्याचं काम इथेनॉल करत नाही.

एप्रिल २०१३ नंतरच्या गाडीला ओबीडी-२ (ईसीएममधले आकडे वाचायची सोय) आहे. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असेल. कुणाकडून तरी ब्लूटूथचा डोंगल मिळवा आणि इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, दिवे बंद अशा स्थितीत हे वाचून इथे टाका: कूलंटचं तापमान, एमएपी (मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब), शॉर्ट आणि लाँग ट्रिम (तात्पुरती आणि मुरलेली दुरुस्ती), इग्निशन टायमिंग (ठिणगी किती अंश आधी पडते), आणि अ‍ॅप दाखवत असेल तर आयएसीच्या पायऱ्या (व्हॉल्व्ह किती उघडलाय). इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन करून एमएपी किती दाखवतो तेही लिहा.

विदर्भवासी (१२ सप्टेंबर, सकाळी ७.४०)

काका, चेक इंजिन लागत नाही तर स्कॅनर काय सांगणार? आमच्याकडे मेकॅनिक स्कॅनर लावतो, 'कोड नाही' म्हणतो आणि काढून ठेवतो.

फिटरकाका (१२ सप्टेंबर, सकाळी ८.१०)

तिथेच तर घोळ होतो. एखादा आकडा ईसीएमने ठरवलेल्या हद्दीबाहेर ठरावीक वेळ राहिला तरच कोड पडतो. त्याच्या अलीकडे कितीतरी दुखणी असतात. रक्तदाब मोजायला माणूस बेशुद्ध पडेपर्यंत थांबायचं नसतं.

गोदाकाठ (१३ सप्टेंबर, रात्री ८.३०)

शाळेतल्या एका सहकाऱ्याकडे डोंगल निघाला. वीस मिनिटं गाडी चालवून आणून घेतलेले आकडे:

नुसती चावी ऑन: एमएपी ९४.
इंजिन चालू, एसी बंद: काटा नाचतो त्यामुळे सगळेच आकडे हलतात.
एसी चालू केल्यावर, काटा १४००वर स्थिर: कूलंट ८९, एमएपी ३७, शॉर्ट ट्रिम उणे १ ते अधिक ३, लाँग ट्रिम अधिक २, टायमिंग उणे २ ते ५ अंश, आयएसी पायऱ्या ०.

पायऱ्या शून्य म्हणजे नवीन टाकलेला व्हॉल्व्ह काम करत नाही असं समजायचं का?

दूरदेशी (१३ सप्टेंबर, रात्री ९.०५)

मी मिशिगनमध्ये असतो, घरच्या दोन्ही गाड्यांचं काम स्वतः करतो. मला वाटतं व्हॅक्यूम लीक इथे बाद. लीक असता तर न मोजलेली हवा आत जाऊन मिश्रण पातळ झालं असतं आणि आयडलिंगला ट्रिम अधिक १५-२०वर गेला असता, २५००ला परत खाली आला असता. इथे ट्रिम अधिक २ आहे. एमएपी ३७ म्हणजे व्हॅक्यूमही बरा आहे. व्हॉल्व्हची वायरिंग किंवा ईसीएमचा ड्रायव्हर तपासा.

फिटरकाका (१३ सप्टेंबर, रात्री १०.४५)

दूरदेशी, तुमचं म्हणणं एअर-फ्लो सेन्सर असलेल्या गाडीला तंतोतंत लागू आहे. तुमच्याकडे तशाच गाड्या जास्त, म्हणून तुमचा अनुभवही तसा. तिथे हवा फिल्टरपाशी मोजली जाते, आणि फाटक्या पाईपातून आलेली हवा न मोजताच आत शिरते.

ताईंच्या गाडीत तो सेन्सर नाही. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या मॅनिफोल्डमधला दाब मोजतात आणि त्यावरून हवेचा हिशोब करतात. हवा थ्रॉटलमधून येवो की फाटक्या पाईपातून, दाब वाढला की ईसीएम त्या प्रमाणात पेट्रोल सोडतो. मिश्रण बरोबर राहतं, ट्रिम शांत राहतो आणि इंजिन मजेत जोरात पळतं. म्हणून एमएपीच्या गाडीत ट्रिम चांगला आहे एवढ्यावरून लीक नाही असं कधीच म्हणू नये. या एका गैरसमजापायी चांगले व्हॉल्व्ह आणि चांगले ईसीएम भंगारात गेलेले मी पाहिलेत आणि दर वेळी पैसे गाडीवाल्याचे गेले.

आता एमएपी ३७. तो एकटा बघू नका, आरपीएमबरोबर बघा. सिलिंडरमध्ये जाणारी हवा ढोबळमानाने दाब गुणिले आरपीएम. धडधाकट गाडी तुमच्या उंचीवर आयडलिंगला साधारण ३२ दाब आणि ८०० आरपीएम धरली तर गुणाकार येतो २५,६००. तुमचा ३७ गुणिले १४००, म्हणजे ५१,८००. यातला काही भाग एसीचा धरला तरी दुप्पट हवा जाते आहे.

पायऱ्या शून्य म्हणजे व्हॉल्व्ह बिघडलेला नाही, ईसीएमने तो पूर्ण बंद करायला सांगितलाय. टायमिंगही बघा. अशा इंजिनात आयडलिंगला आठ-दहा अंश अपेक्षित असतात, तुमच्यात ते शून्याच्या मागेपुढे आहेत. काटा खाली आणायला ईसीएमकडे दोन उपाय असतात, हवा कमी करणं आणि ठिणगी उशिरा टाकणं. दोन्ही तो पुरते वापरतो आहे. त्याचं डोकं शाबूत आहे, ताई. बदलायचं कारणच नाही.

राहिला काट्याचा नाच. तुम्ही लिहिलंत की गार इंजिनवर काटा स्थिर असतो आणि गरम झाल्यावर नाचतो. फार मोलाचं निरीक्षण आहे हे. पाय काढलेला आहे आणि आरपीएम एका मर्यादेच्या वर आहे असं दिसलं की ईसीएमला वाटतं गाडी उतारावर आहे, आणि तो पेट्रोल तोडतो. तुमच्याकडे ते १७००च्या आसपास घडतंय. काटा पडतो. ११००वर आला की इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल परत सुरू होतं. जास्तीची हवा तयारच असते, काटा पुन्हा वर. इंजिन गार असताना ही तोडण्याची मर्यादा बरीच वर ठेवलेली असते, म्हणून सकाळी नाच नाही. एसीचा भार पडला की काटा मर्यादेपर्यंत पोचतच नाही, म्हणून तेव्हाही नाही. तुमची सगळी लक्षणं जास्तीच्या हवेशी जुळतात.

दूरदेशी (१३ सप्टेंबर, रात्री ११.३०)

काका, मनापासून आभार. दाब गुणिले आरपीएम हा हिशोब मी आजवर केलाच नव्हता. माझं आधीचं निदान मागे घेतो. ताई, वायरिंगमागे लागू नका. इकडे आम्ही धुराच्या यंत्राने लीक शोधतो, मॅनिफोल्डमध्ये धूर भरला की फट असेल तिथून बाहेर येतो. नाशिकमध्ये कुणाकडे असेल तर उत्तम.

फिटरकाका (१४ सप्टेंबर, सकाळी ७.१५)

यंत्र मिळालं तर छानच, नाहीतर पक्कड पुरते. पण सोबत कुणीतरी हवं. हँडब्रेक, न्यूट्रल, चाकाला दगड. ओढणी आणि सैल बाह्या पंख्यापासून लांब.

एक. एअर फिल्टरकडून येणारा मोठा पाईप थ्रॉटल बॉडीवरून काढा आणि चालू इंजिनावर थ्रॉटलच्या तोंडावर जाड रबराचा सपाट तुकडा घट्ट दाबा. आयएसीची वाटही त्याच तोंडातून हवा घेते, म्हणजे दोन्ही रस्ते एकदम बंद. इंजिन लगेच बंद पडलं तर बाहेरून हवा येत नाही. चालूच राहिलं तर लीक नक्की.

दोन. मॅनिफोल्डला जोडलेले रबरी पाईप एकेक करून चिमटा. पकडीच्या दातांवर कापड गुंडाळा. ब्रेक बूस्टरचा जाड पाईप, पेट्रोलच्या वाफेच्या पर्ज व्हॉल्व्हचा बारीक पाईप, आणि टॅपेट कव्हरकडून मॅनिफोल्डला जाणारा पीसीव्हीचा (इंजिनातल्या ऑइलच्या वाफा ओढणारा) पाईप. ज्याला चिमटल्यावर काटा खाली बसेल तो गुन्हेगार. पाईप नुसता वरून पाहून सोडू नका, बोटाने खालची बाजू चाचपा.

तीन. एवढ्यावर सापडलं नाही तरच मॅनिफोल्डच्या सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा. आवाज किंवा काटा बदलला तर तिथे गॅस्केट गेलंय. कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल मारून बघायचा सल्ला लोक देतात. गरम सायलेन्सरवर ते पेटतं. एका पोराचे हात भाजलेले मी स्वतः पाहिलेत. पाणीच वापरा.

ब्रेक बूस्टरचा पाईप काढून गाडी चुकूनही रस्त्यावर नेऊ नका. पॅडल दगडासारखं कडक होतं.

सीएनजीवाला_पिंपरी (१४ सप्टेंबर, दुपारी १.२०)

मध्येच विचारतो, माफ करा. माझी सेडान पेट्रोलवर ८००ला छान उभी राहते, गॅसवर टाकली की सिग्नलला धडधडते आणि कधी कधी बंद पडते. सिक्वेन्शियल किट आहे. मीही हे पाईप चिमटून बघू का?

फिटरकाका (१४ सप्टेंबर, दुपारी ३.००)

नको, तुमचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. पेट्रोल असो की गॅस, हवा त्याच मॅनिफोल्डमधून जाते. पेट्रोलवर गाडी चांगली उभी राहते म्हणजे हवेची बाजू ठीक. गॅसचा लो-प्रेशर फिल्टर, रेड्युसरमध्ये (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागात) साचलेलं तेल आणि गॅस इंजेक्टर, या क्रमाने बघा. प्लगही बघा, गॅसला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर खपून जाणारा झिजलेला प्लग किंवा अशक्त कॉइल गॅसवर मिसिंग दाखवते. आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) शेवटचे कधी तपासले? गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातो आणि फट कमी होते. गरम इंजिन आयडलिंगला धडधडायला लागलं की हे मोजायलाच हवं, दुर्लक्ष केलं तर व्हॉल्व्ह जळतो.

निळी_स्कूटी (१४ सप्टेंबर, संध्याकाळी ६.१०)

काका, माझ्या २०१६च्या कार्बुरेटरच्या स्कूटरबद्दलही सांगाल का? चोक ओढला की चालते, चोक सोडला की बंद. दुकानदार आयडलचा स्क्रू पिळून देतो, आठवड्यात परत तेच.

फिटरकाका (१४ सप्टेंबर, संध्याकाळी ७.०५)

चोकवर चालते म्हणजे मिश्रण पातळ आहे. पायलट जेट (आयडलिंगचं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तुंबलाय किंवा कार्बुरेटर आणि इंजिनाच्या मधला रबरी मॅनिफोल्ड चिरलाय. मॅनिफोल्ड वाकवून बघा, चिरा उघडून दिसतात. जेट क्लीनरमध्ये भिजवून हवेने फुंकायचा, तार घालायची नाही, भोक मोठं होतं. स्क्रू पिळणं हा इलाज नाही.

आणि गोदाकाठ ताई, हे लिहिताना आठवलं. मार्चमध्ये तुमचं 'आयडलिंग सेट करून दिलं' होतं ना? काय फिरवलं होतं ते विचारून ठेवा.

गोदाकाठ (१५ सप्टेंबर, संध्याकाळी ५.५०)

सापडलं! आज सुट्टी होती, धाकटा भाऊ मदतीला होता. सगळं सविस्तर लिहिते.

थ्रॉटलच्या तोंडावर सायकलच्या टायरचा सपाट तुकडा दाबला. इंजिन बंद पडलं नाही, काटा ११००वर आला आणि चालूच राहिला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग पाईप. ब्रेक बूस्टर, फरक नाही. पर्ज, फरक नाही. पीसीव्हीचा पाईप मॅनिफोल्डच्या खालून वळून जातो, तिथे हात पोचायलाच दहा मिनिटं लागली. चिमटला आणि काटा सरसर खाली, ९५०वर येऊन स्थिर. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी त्या गाडीचा शांत आवाज ऐकला.

पाईप काढला तर वरून अगदी नव्यासारखा. खालच्या बाजूला करंगळी जाईल एवढं भोक, कडांना दातांच्या खुणा. बॅटरीच्या ट्रेखाली कापसाचं आणि कागदाचं घरटं, शेंगदाण्याची टरफलं. पावसात उंदीर गरम बोनेटखाली राहायला आला होता. दोन गॅरेजांत गाडी गेली, पाईप कुणी चाचपला नाही, आणि व्हॉल्व्ह मात्र नवा बसला.

पण काका, काटा ९५०, ८०० नाही. आणि आयएसी पायऱ्या अजूनही ०.

फिटरकाका (१५ सप्टेंबर, संध्याकाळी ७.३०)

शाब्बास, ताई. भावालाही सांगा. आणि तुम्ही ९५०वर समाधान मानलं नाहीत याचा जास्त आनंद झाला.

पायऱ्या शून्य आहेत तोवर ईसीएमला अजून खाली यायचंय पण येता येत नाही. हवेची दुसरी वाट उरलीय. मॅनिफोल्डचे पाईप संपले, आता थ्रॉटलची पाकळीच बघा. पाकळी बंद होताना जिथे टेकते तिथे एक छोटा स्क्रू असतो. कारखान्यातून त्यावर रंगाचा ठिपका देतात, म्हणजे हात लावू नका. तो ठिपका तुटलेला आहे का?

आणि नवीन पाईप साधा पाण्याचा घेऊ नका. ऑइलच्या वाफेने तो फुगतो आणि व्हॅक्यूमने चपटा होतो. तुमच्या मॉडेलचा, साच्यातला वळण असलेलाच घ्या, महाग नसतो.

गोदाकाठ (१६ सप्टेंबर, रात्री ८.४०)

ठिपका तुटलेला आहे. स्क्रू फिरवलेला आहे, पान्याच्या ताज्या खुणा आहेत. मार्चमधल्या गॅरेजला फोन केला. ते म्हणाले, बंद पडत होती म्हणून दीड आटा वर घेतला.

फिटरकाका (१६ सप्टेंबर, रात्री ९.३०)

मग पूर्ण साखळी लागली. मार्चमध्ये कडेला कार्बन साचून हवा कमी पडत होती. साफ करायच्या जागी पाकळी उचलून ठेवली. आता कार्बन निघाला आणि पाकळी उघडीच राहिली.

रंगाचे दोन तुकडे जुळेपर्यंत स्क्रू परत आणा. पाकळी भिंतीला घासून अडकत नाही ना ते हाताने दोन-तीनदा उघडून बघा. मग बॅटरीची निगेटिव्ह अर्धा तास काढून ठेवा, जोडल्यावर सगळे भार बंद ठेवून इंजिन, रेडिएटरचा पंखा दोनदा लागेपर्यंत, आपोआप चालू द्या. गरम झाल्यावर पायऱ्या दहा ते तीसच्या मधे यायला हव्यात. तशा आल्या की खाली यायलाही जागा आणि एसी लागल्यावर वर जायलाही.

विदर्भवासी (१७ सप्टेंबर, सकाळी ९.१५)

हा धागा वाचून मी माझ्या डिझेल गाडीचा एमएपी बघायला गेलो होतो. तो ९८ दिसला आणि घाबरलो.

फिटरकाका (१७ सप्टेंबर, सकाळी ९.४०)

घाबरू नका. डिझेलचा वेग इंधनावर ठरतो, हवा अडवली जात नाही, त्यामुळे आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये जवळपास बाहेरचाच दाब असतो. तिथे धडधड असेल तर इंजेक्टरांचे करेक्शनचे आकडे आणि उघडा अडकलेला ईजीआर (धुराचा काही भाग परत आत सोडणारा व्हॉल्व्ह) बघतात. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

गोदाकाठ (१७ सप्टेंबर, रात्री ९.००)

नवीन पाईप बसला, स्क्रू खुणेवर आला. आजचे आकडे: ८१० आरपीएम, एमएपी ३२, टायमिंग ९, पायऱ्या १८. एसी लावला की ९५०, बंद केला की परत ८१०. सिन्नरला जाऊन आले, घोटीच्या बाजूने वळसा घालून परत आले, मुद्दाम. द्वारकाला सिग्नलला सात मिनिटं उभी होते, काटा जागचा हलला नाही.

काका, तुमच्यामुळे ईसीएमचा खर्च वाचला, आणि जुना आयएसी व्हॉल्व्ह मी गॅरेजमधून परत मागून आणला आहे, साफ करून ठेवते. आता प्रश्न उंदरांचा. बॅटरीच्या ट्रेखाली जाळी बसवायचा विचार आहे, पण तिथून पाणी निचरा होतो. कुणी बसवली आहे का?

सह्यवाट (१७ सप्टेंबर, रात्री ९.३५)

मी बसवली आहे. बारीक भोकांची स्टीलची जाळी घ्या, ट्रेच्या निचऱ्याचं भोक झाकू नका, जाळी त्याच्या खालून वाटीसारखी वाकवून लावा. उद्या उजेडात फोटो टाकतो.